कळते पण वळत का नाही: येल विद्यापीठाच्या ‘द सायन्स ऑफ वेल-बीइंग’ या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

‘द सायन्स ऑफ वेल-बीइंग’ हा येल विद्यापीठाचा अभ्यासक्रम २०१८ पासून कोर्सेरा या ऑनलाइन व्यासपीठावर उपलब्ध आहे आणि जगभरातील लाखो लोकांनी त्यात नाव नोंदवले आहे. मानवी भावना आणि प्रेरणा यांचे मानसशास्त्र सामान्य माणसापर्यंत नेणारे जे अभ्यासक्रम मी पाहिले, त्यांत हा मला सर्वांत प्रामाणिक वाटला. सुख कशात असते या प्रश्नाची तो जी उत्तरे देतो, त्यांतली काही आज पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाहीत, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. त्याचे मोल मला दिसते ते एका वेगळ्या प्रश्नात: आपल्या हिताचे काय हे कळल्यानंतरही माणूस ते करत का नाही? संपूर्ण अभ्यासक्रमाची रचना या प्रश्नाभोवती झाली आहे, आणि म्हणूनच व्हिडिओ पाहून थांबणाऱ्याच्या हाती त्यातून फारच थोडे लागते.

अभ्यासक्रमाच्या प्राध्यापिका लॉरी सँटोस या मुळात प्राण्यांच्या बोधनप्रक्रियांच्या संशोधक आहेत. माकडे आणि कुत्री जगाकडे कसे पाहतात, यावर त्यांनी बरेच काम केले आहे. येलमधील सिलिमन कॉलेज या निवासी महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्यानंतर विद्यार्थ्यांमधला ताण, चिंता आणि एकटेपणा त्यांना जवळून दिसला आणि त्यातून ‘सायकॉलॉजी अँड द गुड लाइफ’ हा वर्ग उभा राहिला. २०१८ च्या वसंत सत्रात त्या वर्गाला सुमारे १,२०० विद्यार्थी बसले. येलच्या पदवी विद्यार्थ्यांपैकी ही जवळजवळ एक चतुर्थांश संख्या होती आणि विद्यापीठाच्या तीनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात एवढा मोठा वर्ग भरला नव्हता. व्याख्याने अखेर एका संगीत सभागृहात घ्यावी लागली. ऑनलाइन अभ्यासक्रम ही त्याच वर्गाची सर्वांसाठी केलेली आवृत्ती आहे. ती सभागृहात न चित्रित करता प्राध्यापिकांच्या निवासस्थानी, समोर बसलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांसह चित्रित केली आहे, आणि या निर्णयाचा परिणाम चांगला झाला आहे. बोलणे मोकळे, गतिमान आणि स्पष्ट आहे. प्रत्येक विधानामागचा प्रयोग कोणी केला, कोणावर केला आणि त्यातून काय निघाले, हे सांगितल्याशिवाय सँटोस सहसा पुढे जात नाहीत.

रचना दहा आठवड्यांची आहे. पहिल्या सहा आठवड्यांत व्याख्याने, छोट्या प्रश्नचाचण्या आणि दर आठवड्याला एखादा सराव असतो, तर उरलेल्या चार आठवड्यांत त्या सरावांपैकी एक निवडून तो सातत्याने करायचा असतो. सुरुवातीला आणि शेवटी एका प्रमाणित प्रश्नावलीच्या आधारे आपण स्वतःचे समाधान मोजतो. ही मोजणी उपयुक्त असली तरी तिच्यावर फार विसंबू नये असे माझे मत आहे. एका माणसाच्या दोन दिवसांच्या दोन आकड्यांत झोप, हवामान, आदल्या दिवशीचे भांडण असे सगळेच मिसळलेले असते, आणि ज्याने अनेक आठवडे एखाद्या गोष्टीवर मेहनत घेतली आहे, त्याला शेवटी सुधारणा दिसावी असे वाटणे अगदी साहजिक आहे.

पहिल्या भागाचा विषय आहे आपल्या चुकीच्या इच्छा. माणूस ज्या गोष्टी मिळाल्या की सुखी होऊ असे समजतो, त्या मिळाल्यावर तो अपेक्षेइतका सुखी होत नाही, आणि ज्या संकटांनी आपण कोलमडून पडू असे त्याला वाटते, त्यांतून तो कल्पनेपेक्षा लवकर सावरतो. डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी पुढे होणाऱ्या भावनांचा अंदाज बांधताना आपण कसे चुकतो, यावर प्रदीर्घ संशोधन केले. त्यांचा मुद्दा असा की आपण बहुधा भावनेची दिशा बरोबर ओळखतो, पण तिची तीव्रता आणि तिचा टिकाव यांचा अंदाज मात्र फुगवतो. याचे एक कारण म्हणजे दुःख पचवण्याची मनाची स्वतःची यंत्रणा आपल्या हिशेबात येतच नाही. परीक्षेत अपयश आले तर काय होईल याची कल्पना करताना आपल्याला फक्त निकालाचा दिवस दिसतो. त्यानंतरच्या महिन्यांत आपण त्या अपयशाचा अर्थ लावू, त्याला आयुष्यात जागा करून देऊ, दुसऱ्या कामात गुंतू, हे दिसत नाही. अभ्यासक्रमातील हा भाग मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण भीती आणि हाव या दोन्ही प्रेरणांच्या मुळाशी असलेली एकच चूक तो उघड करतो.

सुखाला आपण का सरावतो, हे समजावताना या क्षेत्रात हमखास पुढे येतो तो १९७८ चा लॉटरी विजेत्यांचा अभ्यास. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ लॉटरी विजेते, अपघातात शरीर लुळे पडलेल्या २९ व्यक्ती आणि तुलनेसाठी घेतलेली २२ सर्वसाधारण माणसे यांची विचारपूस केली. विजेते इतरांपेक्षा लक्षणीय प्रमाणात सुखी आढळले नाहीत आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतला त्यांचा आनंद उलट कमी झालेला दिसला. हा निष्कर्ष इतका आकर्षक आहे की तो सांगताना बहुतेक जण दोन गोष्टी गाळतात. पहिली म्हणजे अपघातग्रस्त व्यक्ती इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी सुखी होत्या. ‘काहीही झाले तरी माणूस पूर्ववत होतो’ असे त्या आकड्यांत कुठेच नाही. दुसरी म्हणजे अवघ्या काही डझन माणसांवरून एवढी मोठी इमारत उभी राहू शकत नाही. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांवर एरिक लिंडक्विस्ट, रॉबर्ट ओस्टलिंग आणि डेव्हिड सेसारिनी यांनी केलेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास कितीतरी मोठा आहे. बक्षीस लागून पाच ते बावीस वर्षे उलटल्यावरही मोठी रक्कम जिंकलेल्यांचे आयुष्याविषयीचे एकूण समाधान वाढलेलेच राहिले, असे त्यांना आढळले. रोजच्या आनंदावर आणि मानसिक आरोग्यावर झालेला परिणाम मात्र त्या मानाने लहान होता.

पैसा आणि सुख यांच्या नात्याचेही असेच झाले आहे. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील माहितीच्या आधारे असे मांडले की वार्षिक उत्पन्न सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे गेल्यावर दैनंदिन भावनिक सुखात वाढ होत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना अशी मर्यादा आढळली नाही. मग या दोन्ही पक्षांनी एकमेकांविरुद्ध लेख लिहीत बसण्याऐवजी एकत्र काम केले आणि बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध केला: बहुसंख्य लोकांच्या बाबतीत उत्पन्नासोबत सुख हळूहळू वाढतच जाते, ते एका टप्प्यावर थबकते ते सर्वांत कमी सुखी असलेल्या लहान गटात. मतभेद मिटवण्याचा इतका सुसंस्कृत नमुना विज्ञानातही क्वचित पाहायला मिळतो. २०१८ मध्ये उपलब्ध झालेल्या व्याख्यानांत यांपैकी नंतरचे काही असणे शक्य नव्हते, हा काही अभ्यासक्रमाचा दोष म्हणता येणार नाही. मात्र आज तो शिकणाऱ्याने पैशाविषयीचा भाग या नव्या माहितीसह वाचावा. विशेषतः ज्याच्याकडे पैशाची खरोखर चणचण आहे, त्याला ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे ऐकवणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे आणि माणुसकीलाही धरून नाही.

तुलनेच्या सवयीचा भाग अधिक टिकाऊ ठरला आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास करून व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मेडी आणि थॉमस गिलोविच यांनी १९९५ मध्ये दाखवले की रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक आनंदी दिसतात. रौप्यपदक विजेत्याच्या डोळ्यांसमोर निसटलेले सुवर्ण असते, तर कांस्यपदक विजेत्याच्या मनात ‘आपल्याला काहीच मिळाले नसते’ ही शक्यता असते. २०२१ मध्ये संगणकीय चेहरा-विश्लेषणाच्या मदतीने पुढच्या अनेक ऑलिंपिकमधील छायाचित्रे तपासली गेली, तेव्हाही हाच कल दिसून आला. आपली भावना आपल्याला काय मिळाले यावर जितकी ठरते, तितकीच ती आपण कोणत्या बिंदूपासून मोजतो यावरही ठरते, हे एवढ्या थेटपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आता अभ्यासक्रमाच्या गाभ्याकडे येऊ. ‘एखादी गोष्ट कळली की निम्मी लढाई जिंकली’ या समजुतीला सँटोस आणि तत्त्वज्ञ तमार गेंडलर यांनी १९८० च्या दशकातील एका अमेरिकी कार्टून मालिकेवरून ‘जी. आय. जो भ्रम’ असे नाव दिले आहे, कारण त्या मालिकेतील भाग याच उपदेशाने संपत असत. हा भ्रम का आहे, हे समजून घ्यायला दृष्टिभ्रम पुरेसा आहे. समान लांबीच्या दोन रेषा टोकांवरच्या बाणांमुळे लहानमोठ्या दिसतात. आपण पट्टी घेऊन त्या मोजतो, समान असल्याची खात्री करून घेतो आणि पुन्हा पाहतो, तेव्हाही त्या लहानमोठ्याच दिसतात. ज्ञान एका जागी राहते आणि अनुभव दुसऱ्या जागी. पगारवाढ, नवी वस्तू, लोकांची वाहवा यांची ओढ तशीच आहे. तिच्यामागचे गणित चुकीचे आहे हे कितीही नीट समजले तरी ओढ कमी होत नाही. सुखावरील बहुतेक लेखन वाचकाला पटवून देऊन थांबते. पटल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न त्याच्या खिजगणतीतही नसतो. या अभ्यासक्रमाने मात्र तो पहिल्याच आठवड्यात विचारला आहे, आणि माझ्या लेखी हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

या प्रश्नाचे उत्तर दोन वाटांनी दिले आहे. पहिली वाट परिस्थिती बदलण्याची. मोह आवरण्यासाठी इच्छाशक्तीला रोज झुंजायला लावण्यापेक्षा मोहाची वस्तू नजरेआड ठेवणे सोपे असते. फोन दुसऱ्या खोलीत असेल तर तो न उचलण्यासाठी फारशी ताकद खर्च करावी लागत नाही. दुसरी वाट गॅब्रिएले ओटिंगन यांच्या संशोधनातून आली आहे आणि ती अधिक सूक्ष्म आहे. यशाची गोड कल्पना केली की प्रेरणा वाढते, असे सर्वत्र सांगितले जाते. ओटिंगन यांना याच्या उलट पुरावा मिळाला. वजन कमी करण्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमातील स्त्रियांवर त्यांनी थॉमस वाडेन यांच्यासह केलेल्या, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ‘आपल्याला हे जमेल’ अशी वास्तव अपेक्षा असणाऱ्यांचे वजन जास्त घटले, पण सडपातळ झालेल्या स्वतःची रम्य चित्रे रंगवणाऱ्यांचे कमी घटले. अपेक्षा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या मानसिक क्रिया आहेत. अपेक्षा पूर्वानुभवावर उभी असते. दिवास्वप्नात मन ध्येय गाठल्याचे समाधान आधीच चाखते आणि मग प्रत्यक्ष प्रयत्नांसाठी लागणारी ऊर्जा ओसरते.

यावर ओटिंगन यांनी सुचवलेली पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी इच्छा ठरवायची, मग ती पूर्ण झाल्यावर काय साधेल याची स्पष्ट कल्पना करायची, लगेच तिच्या आड येणारा स्वतःच्या मनातला अडथळा डोळ्यांसमोर आणायचा, आणि शेवटी ‘अमुक अडथळा आला तर मी तमुक करीन’ असा नेमका संकल्प करायचा. ही शेवटची पायरी पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनावर आधारलेली आहे. ‘मी रोज व्यायाम करीन’ हा निश्चय आणि ‘संध्याकाळी घरी आल्यावर बूट न काढता थेट फिरायला जाईन’ हा संकल्प यांत फार मोठा फरक आहे, कारण दुसऱ्यात निर्णय आधीच होऊन गेलेला असतो आणि ठरलेला प्रसंग समोर आला की कृती जवळजवळ आपोआप सुरू होते. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ध्येयपूर्तीवर या संकल्पांचा मध्यम ते मोठा परिणाम त्यांना आढळला. अभ्यासक्रमातील कोणताही एक भाग निवडून पाहायचा असेल, तर मी हा निवडेन. अडथळ्याच्या पायरीवर मात्र थांबून विचार करायला हवा. ‘वेळ मिळत नाही’ हे उत्तर तिथे चटकन सुचते आणि ते बहुधा खरे नसते. थोडे आत डोकावले की अपयशाची धास्ती, कंटाळा किंवा कोणावरचा तरी राग सापडतो. प्रेरणेचा प्रश्न तिथे भावनेचा प्रश्न होतो.

सरावांची यादी परिचित आहे: कृतज्ञतेची नोंद, चांगल्या क्षणांचा जाणीवपूर्वक आस्वाद, दुसऱ्यासाठी काहीतरी करणे, लोकांशी बोलणे, स्वतःच्या स्वभावातील बलस्थाने नव्या रीतीने वापरणे, ध्यान, व्यायाम, झोप. झोप आणि व्यायाम यांविषयी वेगळे सांगण्याजोगे काही नाही. ते शरीराला हवेच असतात. अनोळखी माणसांशी बोलण्याचा भाग मात्र विचारात पाडतो. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोतील रेल्वे आणि बसने प्रवास करणाऱ्यांपैकी काहींना शेजारच्या प्रवाशाशी बोलायला सांगितले, तर काहींना एकटे बसायला सांगितले. बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला, पण इतर प्रवाशांना आधी अंदाज विचारला असता त्यांनी नेमके उलट भाकीत केले होते. एपली यांनी अमित कुमार यांच्यासह २०१८ मध्ये कृतज्ञतेच्या पत्रांवर केलेल्या प्रयोगांतही असाच प्रकार दिसला: पत्र लिहिणाऱ्याला वाटत होते की समोरच्याला अवघडल्यासारखे होईल, आणि पत्र मिळालेल्या माणसाला झालेला आनंद त्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक होता. माणसे परस्परांपासून दूर राहतात त्यामागे बऱ्याचदा हा चुकलेला अंदाज असतो, ही गोष्ट मला या संपूर्ण विषयातली सर्वांत आशादायक वाटते. इच्छा दोन्ही बाजूंना असते. तिच्या आड उभा असतो तो केवळ संकोच.

या सगळ्याचा उपयोग खरोखर होतो का? डेव्हिड येडन यांनी सँटोस आणि इतरांसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा अभ्यासक्रम करणाऱ्यांची तुलना त्याच व्यासपीठावरील येलचा मानसशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम करणाऱ्यांशी केली. सुखाचा अभ्यासक्रम करणाऱ्यांच्या समाधानात तुलनेने जास्त वाढ दिसली. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, परंतु दोन्ही गटांतल्या लोकांनी आपापला अभ्यासक्रम स्वतः निवडला होता, आणि जो माणूस सुखाविषयी शिकायला येतो तो बदलायच्या तयारीनेच येतो, हे ध्यानात ठेवावे लागते. मला अधिक बोलका वाटतो तो ब्रिस्टल विद्यापीठातील पाठपुरावा. तिथे ब्रूस हूड यांनी सँटोस यांच्या वर्गापासून स्फूर्ती घेऊन असाच अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या विद्यार्थ्यांचा दीर्घकालीन अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असे दिसले की अभ्यासक्रमाने झालेली सुधारणा एकंदरीत टिकत नाही. ती टिकते ती शिकलेले सराव पुढे चालू ठेवणाऱ्यांच्या बाबतीत. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेल्या ऑनलाइन प्रयोगातही ज्याचे ऋण वाटते त्याला प्रत्यक्ष भेटून आभार मानण्याचा परिणाम सुरुवातीला सर्वांत मोठा होता, पण तो सुमारे महिनाभरच राहिला. रोजच्या तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा परिणाम सावकाश आला आणि सहा महिने टिकला. एकदाच केलेली भावपूर्ण कृती आणि रोजची साधी कृती यांतला हा फरक व्याख्यानांत आणखी ठासून सांगायला हवा होता.

पुराव्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. डनिगन फोक आणि एलिझाबेथ डन यांनी २०२३ मध्ये सुखासाठी सर्वाधिक सुचवल्या जाणाऱ्या पाच उपायांवरील संशोधनाची कठोर छाननी केली. पुरेशा मोठ्या गटावर आणि आधी आराखडा नोंदवून केलेले प्रयोगच त्यांनी ग्राह्य धरले, तेव्हा व्यायाम, ध्यान आणि निसर्गसान्निध्य यांच्यासाठी असे प्रयोग फारच थोडे उरले. कृतज्ञता आणि लोकांशी संवाद यांना त्या मानाने बरा आधार मिळाला. उपाय निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ होत नाही. व्याख्यानांत ज्या खात्रीने ते मांडले आहेत, तेवढी खात्री आज कोणी देऊ शकणार नाही, इतकाच अर्थ होतो. सुखाचा निम्मा वाटा अनुवंशाचा, दहा टक्के परिस्थितीचा आणि चाळीस टक्के आपल्या कृतींचा, ही या क्षेत्रात सर्वतोमुखी झालेली विभागणीही याच कारणाने जपून घ्यावी. ते आकडे लोकसमूहातील फरकांविषयी आहेत. एका माणसाच्या सुखाचे असे तुकडे पाडता येत नाहीत, आणि ही विभागणी मांडणाऱ्या संशोधकांनीही २०१९ मध्ये तिचा फेरविचार केला.

आता उणिवांकडे वळू. माझ्या मते सर्वांत मोठी उणीव अशी की भावनांच्या मानसशास्त्राचा अर्धा प्रदेश इथे जवळजवळ रिकामा आहे. राग, शोक, मत्सर, अपराधभाव, चिंता यांना अभ्यासक्रमात स्वतंत्र स्थान नाही. सुखाच्या वाटेतले अडसर म्हणून त्यांचा उल्लेख येतो आणि विषय पुढे सरकतो. वास्तविक या भावनांना त्यांचे काम आहे. राग अन्यायाची खूण पटवतो, भीती धोक्याकडे लक्ष वेधते, अपराधभाव बिघडलेले नाते दुरुस्त करायला लावतो, शोक गमावलेल्या गोष्टीचे मोल सांगतो. जेम्स ग्रॉस यांच्या संशोधनाने दाखवले आहे की भावना चेहऱ्यावर दिसू न देता दाबून टाकल्याने आतला त्रास कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण वाढतो, तर प्रसंगाकडे पाहण्याचा दृष्टिकोन वेळीच बदलल्याने भावनेची धार खरोखर कमी होते. अशा पायाभूत संशोधनावर एक संपूर्ण आठवडा खर्च झाला असता, तर अभ्यासक्रम अधिक परिपूर्ण झाला असता.

याच उणिवेतून दुसरा धोका निर्माण होतो. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की सुखाला अतोनात महत्त्व देणारी माणसे, परिस्थिती अनुकूल असतानाही, कमी सुखी असू शकतात. जे वाटायला हवे होते ते वाटले नाही, या निराशेची त्यांच्या अनुभवात भर पडते. जो अभ्यासक्रम सुखाचे मोजमाप घेऊन सुरू होतो आणि मोजमाप घेऊन संपतो, त्याने ही शक्यता विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगायला हवी. कृतज्ञतेची वही लिहूनही मन उदासच राहिले, तर दोष आपला असे वाटून घेणारी माणसे असतात, आणि त्यांना या वहीपेक्षा एखाद्या समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची गरज असू शकते. नैराश्य हा आजार आहे आणि हा अभ्यासक्रम त्यावरचा उपचार नाही.

प्रेरणेच्या बाबतीतही एक गोष्ट राहून गेली आहे असे मला वाटते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेली मुले नंतर आपणहून रंगपेनांकडे कमी वळली. ज्यांना बक्षिसाची अपेक्षाच नव्हती, त्यांची गोडी तशीच राहिली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यावर स्वतंत्र सिद्धान्त उभारला: स्वतःच्या मर्जीने वागत असल्याची जाणीव, आपल्याला काहीतरी येते ही जाणीव आणि माणसांशी जोडलेपण या तीन गरजा भागल्या तर प्रेरणा आतून येते. या कसोटीवर पाहिले तर गुण, प्रश्नचाचण्या आणि प्रमाणपत्र यांचे जे सांगाडे कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमाभोवती असतात, ते इथे विषयाच्याच विरोधात जातात. दयाळूपणाची कृती केल्याची नोंद भरायची आहे म्हणून केलेली मदत आणि मनातून आलेली मदत यांचा परिणाम सारखा असेल असे मानायला आधार नाही. त्यामुळे शिकणाऱ्याने प्रमाणपत्राचा विचार शक्यतो बाजूला ठेवावा, सराव स्वतःच्या स्वभावाला रुचेल असाच निवडावा, आणि निवडलेला सराव नकोसा वाटू लागल्यास तो ओढूनताणून पुरा करण्याऐवजी दुसरा घ्यावा.

एक प्रसंग इथे नोंदवण्याजोगा आहे. २०२२ मध्ये सँटोस यांनी स्वतःमध्ये अतिश्रमाने येणाऱ्या मानसिक थकव्याची लक्षणे दिसत असल्याचे उघडपणे सांगून सिलिमन कॉलेजच्या जबाबदारीतून वर्षभराची रजा घेतली. सुखाच्या प्राध्यापिकेलाच थकवा आला, यात काहींना विसंगती दिसली. मला तसे वाटत नाही. लक्षणे वेळेवर ओळखणे, ती न लपवणे आणि इच्छाशक्तीच्या बळावर रेटत राहण्याऐवजी परिस्थिती बदलणे, हे सारे त्यांच्या शिकवणीला धरूनच होते, आणि त्या निर्णयाने अभ्यासक्रमावरचा माझा विश्वास वाढला.

हा अभ्यासक्रम कोणी करावा, तर ज्याचे आयुष्य ढोबळमानाने ठीक चालले आहे, पण आपण ज्याच्या मागे धावतो आहोत ते नेमके कशासाठी असा प्रश्न ज्याला पडू लागला आहे, त्याने अवश्य करावा. शिक्षकांना आणि तरुण मुलांच्या पालकांना तर तो विशेष उपयोगी आहे. किशोरवयीन मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. मानसशास्त्राचा पद्धतशीर पाया हवा असलेल्याने आधी विषयाचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. व्याख्याने इंग्रजीत असल्याने ज्यांना ती भाषा जड जाते त्यांनी उपशीर्षके लावून, सावकाश पाहावीत. घाई करण्यासारखे त्यात काही नाही.

शक्य झाल्यास सोबत एखादा मित्र किंवा घरातले माणूस घ्यावे. दोघांनी सराव वेगवेगळे निवडले तरी चालतील. आठवड्यातून एकदा काय जमले आणि काय जमले नाही एवढे बोलणे झाले, तर अर्ध्यावर सोडून देण्याचा संभव कमी होतो. पहिल्या सहा आठवड्यांची व्याख्याने हवी तर पुढेमागे पाहावीत, दोन आठवड्यांची एकदम पाहिली तरी बिघडत नाही. शेवटचे चार आठवडे मात्र घाईच्या किंवा प्रवासाच्या दिवसांत धरू नयेत, आणि ते सुरू करण्यापूर्वी अडथळ्याच्या पायरीवरचे आपले उत्तर कागदावर लिहून ठेवावे.